झाडूपुसणीचीही परिषद असते का?

मैत्रिणींनो,

या आठवड्याच्या टपालात शिर्डीजवळच्या एका गावाहून आलेलं चार पानी पत्र आहे. नाव छापू नका, असं बाईंनी दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, म्हणून आपण त्यांना नुसतं ‘ताई’ म्हणू. ताई एका खासगी लॉजमध्ये नऊ वर्षं काम करताहेत. आधी खोल्या झाडायच्या, आता साठ खोल्यांची देखरेख त्यांच्याकडे आहे आणि हाताखाली चौदा बायका आहेत. चादरी, पाण्याच्या टाक्या, गिझर, लिफ्ट, जनरेटर, सगळ्यांची काळजी त्याच वाहतात. आता मालक म्हणतात, “मुंबईला दोन दिवसांची परिषद आहे, फॅसिलिटी मॅनेजमेंटवाल्यांची. तुम्ही जाऊन या. खर्च आमचा.”

यजमान ‘जा’ म्हणाले. मुलगी दहावीत आहे, तीही म्हणाली, ‘जा गं आई.’ पण सासूबाई म्हणाल्या, “अगोबाई, झाडूपुसणीचीही परिषद असते का?” ताई लिहितात, “त्यांचं वाईट वाटलं नाही. वाईट हे वाटलं, की माझ्याही मनात तेच आलं होतं. तिथे सगळे सुटाबुटातले इंजिनियर असतील. मी बारावी पास. मी तिथे काय बोलू?”

ताई, आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, असते! अमेरिकेत 1980 साली या कामाच्या लोकांनी आपली संघटना काढली. 2018 साली तर या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं, आयएसओ 41001 या क्रमांकाचं. इमारत, पाणी, वीज, स्वच्छता, सुरक्षा आणि त्या इमारतीत वावरणारी माणसं यांचा मेळ घालणं, एवढाच या लांबलचक नावाचा अर्थ. घर सांभाळणारीला यातलं नवीन काय आहे? काम नीट चाललं तर ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि एक दिवस नळाला पाणी आलं नाही की घरभर आरडाओरडा!

आणि हे काम हलकं असतं, तर ज्या माउलीच्या नावानं 2024 पासून तुमचा जिल्हा ओळखला जातो, तिचं नाव आज कुणी घेतलं नसतं. अहिल्याबाई होळकर 1725 साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीला जन्मल्या. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी 1780 साली पुन्हा उभं केलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं? वाटसरूला सावली मिळावी, पाणी मिळावं, रात्री पाठ टेकायला जागा मिळावी, म्हणून बाईंनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून देशभर पैसा खर्च केला. यात्रेकरूची सोय पाहणं हे तेव्हा पुण्यकर्म होतं, आणि ताई, तुम्ही रोज तेच करता. फक्त तुमच्या कंबरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, एवढंच.

तुमच्या गावचंच उदाहरण घ्या. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर 2009 साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ करणारी यंत्रणा बसवली. 73 मोठ्या तबकड्या, एकेक 16 चौरस मीटरची. आरशांनी ऊन एकवटायचं, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक शिजवायचा. सारा देश पाहायला आला. पण आरशावर धूळ बसली की ऊन परतत नाही आणि वाफ कमी पडते. म्हणजे कितीही मोठं तंत्र आणा, शेवटी कुणीतरी फडकं घेऊन तो आरसा पुसावाच लागतो. ते फडकं कधी फिरवायचं, कुणी फिरवायचं आणि फिरवलं की नाही हे कुणी पाहायचं, याचा विचार करणारं माणूस लागतं. परिषदेत तशीच माणसं जमतात.

आता तुमच्या भीतीबद्दल. मी तुम्हाला नुसतं ‘घाबरू नका’ म्हणणार नाही. तयारी केली की भीती आपोआप आटोपते. म्हणून जाण्याआधीच्या आठवड्यात एक काम करा. शंभर पानी वही घ्या आणि गच्चीपासून जिन्याखालच्या खोलीपर्यंत आपली इमारत पाहुण्याच्या नजरेनं पाहा. जे जे खुपेल ते लिहा, आणि शक्य तिथे आकडा लिहा. टाकी किती लिटरची? ती शेवटची कधी धुतली? कोणत्या खोल्यांच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो आणि किती महिन्यांनी? महिन्याला किती चादरी फाटतात? “पाणी फार जड आहे हो” असं म्हटलं तर कुणी लक्ष देणार नाही. “साठ गिझरपैकी वीस गिझर वर्षात दोनदा उघडावे लागतात” असं म्हटलं, तर समोरचा इंजिनियर खुर्ची पुढे सरकवून ऐकेल. हा आकडा त्याच्या पदवीत नाही, तुमच्या वहीत आहे.

परिषदेत दोन भाग असतात. एकीकडे भाषणं, दुसरीकडे यंत्रांचे आणि औषधांचे स्टॉल. स्टॉलवर चकचकीत यंत्र गुळगुळीत फरशीवर झरझर फिरतं. आपल्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत ते कसं चालेल, ते विचारा. आणखी चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वर्षाच्या देखभालीचा करार किती रुपयांचा? सुटे भाग कुठे मिळतात? बिघडलं तर माणूस नाशिकहून येणार की मुंबईहून, आणि किती तासांत? आमच्या जड पाण्यावर हे टिकेल का? उत्तर मिळालं की तारीख घालून लिहा. “आजच घेतलं तर सवलत” असं कुणी म्हणालं, तर साड्यांचा सेल आठवा. तिथे सही करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. माहितीपत्रक घ्यायचं, हसून पुढं जायचं.

भाषणं बहुतेक इंग्रजीत असतील. न कळलेला शब्द देवनागरीत लिहून घ्या आणि चहाच्या वेळी शेजारच्या बाईला विचारा. एएमसी म्हणजे वर्षाचा देखभाल-करार. एसओपी म्हणजे काम करण्याची ठरलेली रीत. आपण दिवाळीच्या फराळाचं प्रमाण भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवतो ना, तशीच. आणि दोन दिवसांत एकदा तरी हात वर करून एक प्रश्न विचाराच. मराठीत विचारा, हिंदीत विचारा. प्रश्न आधी वहीत लिहून, तो वाचून दाखवला तरी चालेल. एकदा आवाज फुटला की दुसऱ्या दिवशी तुम्ही वेगळ्याच असाल.

कोणता प्रश्न? तोही मी सुचवते, आणि इथे मला जरा गंभीरपणे लिहायचं आहे.

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. त्या दिवशी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्णांचा जीव गेला. करोनाशी झुंजणारी माणसं होती ती. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून 10 तान्ही बाळं गेली होती. या बातम्या वाचून आपण हळहळलो, डोळे पुसले. पण ताई, ज्यांच्या हातात एखाद्या इमारतीच्या किल्ल्या आहेत, त्यांनी नुसतं डोळे पुसून चालत नाही. तुमच्या साठ खोल्यांत रात्री दीडशे-दोनशे माणसं निजतात. परगावची असतात. जिना कुठे आहे हेसुद्धा त्यांना धड माहीत नसतं.

महाराष्ट्रात 2006 साली आग प्रतिबंध आणि जीवसुरक्षेचा कायदा झाला. त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीच्या मालकानं आपली आगीची साधनं चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात द्यावं लागतं. तेव्हा प्रश्न असा विचारा: “रात्रपाळीला दोनच माणसं असताना साठ खोल्या किती मिनिटांत रिकाम्या करता येतील, आणि त्याचा सराव कसा घ्यायचा?” आणि घरी परतल्यावर पहिल्यांदा मागच्या जिन्यात रचलेल्या गाद्या हलवा. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, “जागा नसल्यानं जुन्या गाद्या मागच्या जिन्यात ठेवतो.” ते वाक्य मी तीनदा वाचलं. ताई, तो जिना गोदाम नाही. आग लागली तर खाली यायला तीच एक वाट आहे.

आणखी दोन गोष्टी तिथल्या जाणकारांना विचारून पक्क्या करा. एक, शौचालयाची टाकी. तिच्यातला विषारी वायू क्षणात माणूस पाडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. ‘नेहमीचाच माणूस आहे, पाचशे रुपयांत उतरतो’ हे वाक्य तुमच्या लॉजमध्ये पुन्हा ऐकू येता कामा नये. दुसरी, मोरी-संडास धुण्याची औषधं. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तुमच्या चौदा बायकांपैकी कितींना हे कुणी सांगितलंय?

आता प्रवासाचं. शिर्डीहून मुंबईला 2023 पासून वंदे भारत गाडी सुरू झाली आहे, तिचं तिकीट मालकांकडून आधीच काढून घ्या. राहायची व्यवस्था परिषदेच्या जागेजवळ हवी, आणि त्या जागेचं नाव-पत्ता घरी लिहून ठेवा. अंगावर रोजची सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस असू द्या. दिवसभर उभं राहायचं आहे, म्हणून नवी चप्पल नको. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली झालेला कायदा कामासाठी केलेल्या प्रवासालाही लागू आहे, आणि दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे. तुमच्याकडे तर एकट्या तुमच्या हाताखाली चौदाजणी आहेत. समिती आहे का, हे जाण्याआधी मालकांना शांतपणे विचारा. तुमच्या बायकांसाठीही ते विचारणं तुमचंच काम आहे.

घरचं काय? तुम्ही विचारलंय, “दोन दिवसांच्या चटण्या, पोळ्या, भाज्या करून ठेवू का?” नका करू. आदल्या रात्री बारापर्यंत लाटत बसाल आणि परिषदेत पेंगाल. डाळ-तांदळाचं प्रमाण, गॅसवाल्याचा आणि दूधवाल्याचा नंबर, एवढं एका कागदावर लिहा. यजमानांना कुकर लावता येतो की नाही, हे या निमित्तानं कळेल. नसेल येत, तर तुमची दहावीतली लेक अभ्यासाला बसू दे, त्यांनाच शिकू दे. सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. निघताना नमस्कार करा आणि म्हणा, “आई, तिथे काय काय असतं ते तुम्हाला येऊन सांगते.” आल्यावर खरंच सांगा. आयुष्यभर घर झाडलेल्या बाईला त्या कामाचा मान कुणी दिलाच नाही, म्हणून तिच्या तोंडून तसं निघालं असेल.

परतल्यावर माहितीपत्रकांची पिशवी कपाटावर टाकून देऊ नका. त्याच आठवड्यात चौदाजणींना चहा करा, गोल बसवा आणि वहीतल्या तीन गोष्टी सांगा. तीनच, तीस नकोत. त्यांचंही ऐका. कोणत्या बटणाला झटका बसतो हे मालकाला नाही, तिथे रोज फडकं मारणारीला ठाऊक असतं.

बाकीच्या मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आमचं कुठे लॉज आहे? पण दोन खोल्यांचं बिऱ्हाडही सांभाळावंच लागतं. तेव्हा ताई मुंबईला जाईपर्यंत आपण सगळ्याजणींनी तीन कामं करू. गॅसच्या रबरी नळीवरची तारीख पाहा, पाच वर्षं होऊन गेली असतील तर आजच बदला. मीटरच्या पेटीत झटक्यापासून वाचवणारा स्विच असेल, तर त्याचं तपासणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबताच वीज गेली पाहिजे, नाही गेली तर वायरमनला बोलवा. आणि रात्री निजताना दाराच्या आतलं कुलूप असेल, तर किल्ली कुठे असते हे घरातल्या लहानातल्या लहानाला ठाऊक आहे का, ते विचारा.

ताई, तुम्ही जा. आल्यावर पत्र लिहा, आणि त्यात सगळ्यात आधी एवढंच लिहा, की मागच्या जिन्यातल्या गाद्या हलल्या.

तुमची,
ताई-माई-अक्का सदराची लेखिका