शुद्धिपत्र कुठे गेले?

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’ आणि ‘खरेच अंतिम’ या नावांच्या फायली परिचित असतील. आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. परंतु आमच्याच अंकाचा कोणता पाठ छापला गेला, हे आम्हांला खात्रीने सांगता येत नाही. अंक संकेतस्थळावर ठेवायची वेळ आली, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली.

संगणकप्रणालींच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. त्यांचा मजकूर साध्या फायलींत असतो, मांडणीचा साचा वेगळा असतो. ‘जेकिल’ किंवा ‘ह्यूगो’सारखे साधन या दोहोंतून तयार पाने घडवते आणि वाचकापर्यंत तीच पोहोचतात, त्यामागे डेटाबेस लागत नाही. कोणता बदल कोणी आणि केव्हा केला, याची नोंद ‘गिट’ ठेवते. कारण मात्र बदल करणाऱ्याने लिहायचे असते. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे आणि मगच पान प्रसिद्ध व्हावे, असा हा क्रम.

हे तंत्रज्ञांचे काम, साहित्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हांला तसे म्हणता येत नाही. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहू लागले. तिथून त्यांनी लिहिलेली पत्रे इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या शंभर खंडांत समाविष्ट आहेत. या खंडांची पुढे सुधारित आवृत्ती निघाली. तीत काही नोंदी गळाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले, वाद झाला आणि २००५ साली सरकारने ती आवृत्ती मागे घेतली. सुधारणा करण्यात गैर काहीच नाही. परंतु काय बदलले आणि का, हे वाचकाला कळलेच पाहिजे.

जुन्या ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र असे. ती चुकांची प्रामाणिक कबुली होती. संकेतस्थळावर चूक क्षणात पुसता येते, म्हणून ती कबुलीही पुसली जाते. ‘गिट’ शिकणे अनेकांना अवघड वाटेल, हे आम्हांला मान्य आहे. मात्र एकच मूळ प्रत, तपासणाऱ्याचे नाव, बदलाची तारीख व कारण एवढे तर साध्या वहीतही लिहिता येते. उद्या एखाद्या अभ्यासकाने आमच्या अंकातील एका ओळीविषयी विचारले, तर उत्तर आमच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नसावे.