कुलूप म्हणजे जतन नव्हे

दुर्मिळ पोथ्या कडीकुलपात ठेवल्या की आपले कर्तव्य संपले, असे मानणारा एक वर्ग आहे. पोथीची छायाचित्रे घेतली तर तिचे मोल उतरेल, आपला हक्क जाईल, अशी भीती तो घालतो. ही भूमिका आम्हांस साफ अमान्य आहे. कुलूप अभ्यासकाला अडविते; वाळवीला नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरीही ग्रंथ वाचला, तो हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे नवी आवृत्ती निघू शकली.

संगणकीय छायाचित्रण ही आजच्या काळातील नक्कलच होय. अमेरिकेतील कॉलेजव्हिल येथे बेनेडिक्टीन मठवासीयांनी १९६५ साली हस्तलिखितांचे ग्रंथालय स्थापिले. आरंभी मायक्रोफिल्म, २००३ पासून डिजिटल छायाचित्रे, असे त्यांचे कार्य चालू आहे. तेथील रीत अशी की, पोथी तिच्या धन्याकडेच राहते; स्थानिक माणसांना शिक्षण व यंत्रसामग्री पुरविली जाते; छायाचित्रांची प्रत धन्यालाही मिळते. मग हक्क गेला कोठे?

इराकमधील डॉमिनिकन धर्मगुरू फादर नजीब मिखाएल यांनी या ग्रंथालयाच्या साहाय्याने हेच काम चालविले होते. २०१४ साली दहशतवादी चालून आले, तेव्हा त्यांनी पोथ्या एर्बिलला हलविल्या. त्या आक्रमणात नष्ट झालेल्या काही पोथ्या आज केवळ छायाचित्रांच्या रूपाने उरल्या आहेत.

'छायाचित्र झाले, आता कागद रद्दीत द्या', असे म्हणणाऱ्यांशीही आमचा तितकाच वाद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकयंत्रणेवर हल्ला झाला आणि तेथील डिजिटल हस्तलिखिते कित्येक महिने अभ्यासकांना पाहता आली नाहीत. शिवाय कागदाचा पोत, पानांची शिवण, शाईचा थर यांचा शोध घ्यावयाचा तर मूळ पोथीच हाती लागते.

मूळ पोथी सांभाळणे, तिच्या नकला अनेक ठिकाणी ठेवणे आणि अभ्यासकाला दार उघडणे, या तिन्ही गोष्टी मिळून जतन होते. आपल्या घरांत व धर्मग्रामांत जुन्या गीतांच्या, प्रार्थनांच्या वह्या पडून असतील, तर त्यांनाही हाच न्याय लागू आहे. ज्यांच्या हाती त्या कपाटांच्या किल्ल्या आहेत, त्यांनी आता विलंब करू नये.