धुऱ्यावरचे लेकरू



जिल्हा बैठकीत कापसाचा भाव, तुरीची खरेदी, वीज आणि कर्ज हे विषय दरवेळी असतात. यावेळी त्यांच्या जोडीला आम्ही असा विषय मांडतो आहोत, ज्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही आणि ज्याचा भाव कोणत्याही बाजार समितीत पुकारला जात नाही. विषय आहे तीन ते सहा वर्षांच्या आपल्या लेकराचा.

पहिलीच्या वर्गावर शिकवणाऱ्या कोणत्याही गुरुजींना विचारा. दरवर्षी काही पोरे अशी येतात की हाक मारली तर मान खाली घालतात. आपली पाळी येईपर्यंत थांबणे त्यांना ठाऊक नसते. शेजारच्या पोराचा खडू हवा असेल तर मागत नाहीत, ओढतात, नाहीतर रडतात. गुरुजी म्हणतात, पोरगे मठ्ठ आहे. बाप म्हणतो, आमच्या खानदानात शिक्षण नाहीच. पोरगे मठ्ठ नसते. दुसऱ्या माणसाशी वागण्याची जी शिकवण पहिल्या पाच-सहा वर्षांत मिळायची, ती त्याला मिळालेली नसते. ही सामाजिक वाढ मागे राहणे होय.

या वाढीलाही पिकासारख्या अवस्था असतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास लेकरू दुसऱ्या पोरांकडे जाते, त्यांच्यात मिसळू पाहते. आई दूर गेली तर रडते, पण थोड्या वेळाने शांत होते. चौथ्या वर्षी ते खोटी खोटी भाकर थापते, बैलजोडी हाकते, आपण दुकानदार आहोत असे समजते. पाचव्या वर्षी खेळातला नियम पाळते, पाळी येईपर्यंत थांबते, ऐकलेली गोष्ट सांगते. एखादे लेकरू दोन-चार महिने मागेपुढे झाले तर घाबरायचे कारण नाही. पण चार वर्षांचे पोर कोणातच मिसळत नसेल, बोलत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर 'होईल मोठेपणी' म्हणून सोडून देऊ नका. पहिल्यांदा त्याचे कान तपासून घ्या. वारंवार कान फुटणाऱ्या पोराला कमी ऐकू येते, आणि ज्याला ऐकू येत नाही ते बोलणार कसे?

कोणी विचारील, आमचा बाप कोणत्या अंगणवाडीत गेला होता? मातीत खेळूनच मोठा झाला ना? प्रश्न रास्त आहे. पण त्या मातीत तो एकटा नव्हता. वाड्यात चुलत-मावस मिळून दहा पोरे होती, ओट्यावर आजी होती, कडेवर घेणारी थोरली बहीण होती. आज आजीही वेचणीला जाते. थोरली बहीण शाळेत जाते आणि तिने शाळेतच गेले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातला जननदर बाईमागे १.७ आला, म्हणजे घरात एक किंवा दोनच लेकरे. वाडा गेला, आजीचा ओटा गेला. उरले ते धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेली झोळी, आणि आता हातात दिलेला मोबाईल. मोबाईल पोराला गप्प करतो. ते काय बोलले हे ऐकून त्याला उत्तर देणे त्याला जमत नाही.

दोष आईचा म्हणाल तर तो अन्याय होईल. वेचणीची मजुरी किलोवर असते. जी बाई लेकरापाशी घटकाभर बसेल, तिची तेवढी मजुरी बुडते. स्वतःच्या शेतात वेचत असेल तर फुटलेली बोंडे पाऊस यायच्या आत घरात आणायची घाई असते. पहाटे चूल, दिवसभर वाकलेली कंबर, रात्री पुन्हा चूल. अंगात रक्त कमी आणि डोक्यावर कर्जाची चिंता. अशा बाईने लेकराला गोष्ट कधी सांगायची? लेकराचे मागे राहणे जातीतून किंवा रक्तातून येत नाही. त्याच्याशी बोलायला जो वेळ लागतो, तो आपल्या कोरडवाहू घराला परवडेनासा झाला आहे.

मग नुसता पोटभर आहार दिला तर भागेल का? याचे उत्तर दूरच्या एका बेटावर तपासले गेले आहे. जमैका देशात किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली १२९ मुले १९८६-८७ मध्ये निवडली गेली. सगळी वयाच्या मानाने खुजी होती. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका जाई आणि आईला लेकराशी खेळायला, बोलायला शिकवी. खेळणी टाकाऊ वस्तूंची, घरी केलेली. काहींना दोन्ही दिले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. दुधाचा फायदा पुढे टिकला नाही. खेळाचा आणि बोलण्याचा टिकला. ही मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई, तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. मारामाऱ्यांत पडण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते.

याचा अर्थ आहार बंद करा असा कोणी काढू नये. रिकाम्या पोटी खेळ सुचत नाही. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर १०० पैकी ३५ मुले खुजी आढळली. आहार हवाच. पण खिचडीचे ताट पुढे ठेवले आणि काम संपले, असे होत नाही.

आपल्या राज्याला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. आदिवासी पाड्यावरची पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. जी पोरे गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली. पोर शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने पोरापर्यंत जावे, एवढे साधे ते गणित होते.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांत शाळापूर्व शिक्षण पहिल्यापासून आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. कागद चांगला आहे. पण सेविकेचा दिवस वजने, आहाराचा हिशेब, गृहभेटी आणि मोबाईलवरच्या नोंदी यांत जातो. लेकराचे वजन भरले नाही तर वर विचारणा होते. लेकरू महिनाभर कोणाशी बोलले नाही तर कोणी विचारत नाही. शिवाय अंगणवाडी दुपारच्या आत सुटते आणि वेचणी दिवस मावळेपर्यंत चालते. मधल्या वेळात पोर कोणाचे?

कापूस उगवला की आपण नांग्या भरतो, कोणी त्याला खाडे भरणे म्हणतात. हे काम आठ-दहा दिवसांत झाले तर साधते. महिन्याने टोबलेले बी उगवते, पण शेजारच्या झाडाच्या सावलीत खुरटते. लेकराच्या बाबतीत दार इतके घट्ट बंद होत नाही, पुढेही सुधारणा होते. पण उशीर जेवढा जास्त तेवढी मेहनत जास्त आणि हाती येणारे कमी.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

एक. वेचणीच्या हंगामात पाच घरांनी मिळून गावातल्या एका जाणत्या बाईकडे लेकरे सोपवावी. तिची रोजी पाच घरांत वाटली तर एका घराच्या वाट्याला रोजीचा पाचवा हिस्सा येतो. त्यात पाच आयांचे हात मोकळे होतात आणि पाच लेकरांना सवंगडी मिळतात. तिने पोरांना नुसते राखायचे नाही, गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, चिंचोके मोजायला लावायचे. फवारणीच्या दिवशी लेकरू शेताच्या जवळपासही नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट माणसे दगावली, मग लेकराची काय कथा?

दोन. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारा. हंगामात अंगणवाडी दिवसभर चालावी, त्यासाठी सेविकेला जादा मानधन आणि जोडीला मदतीचा हात मिळावा, असा ठराव करा. सेविकेवर फुकटचे आणखी एक ओझे टाकू नका. तीही आपल्यातलीच आहे.

तीन. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायला हवे. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात वाढीतला उशीर तपासणे हेही काम आहे. पथक कधी येणार ते सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकरू शेतात नेऊ नका.

चार. हे बापासाठी आहे. पारावरून घरी आल्यावर अर्धा तास लेकराला मांडीवर घ्या. आज काय पाहिले ते त्याला विचारा आणि त्याचे बोलणे पुरते होऊ द्या. याला कोणाची मंजुरी लागत नाही, अनुदान लागत नाही.

बोंडअळी पडली तर आपण कृषी अधिकाऱ्याला बोलावतो, पंचनामा मागतो. लेकराच्या मुकेपणाचा पंचनामा कोणी करणार नाही. तो आपल्यालाच करायचा आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावे: गावात तीन ते सहा वर्षांची लेकरे किती, आणि वेचणीच्या दिवसांत दुपारनंतर त्यातली कितीजण कोणाच्या तरी नजरेखाली असतात. हे आकडे हाती आले की कोणत्या गावाने आधी काय करायचे ते ठरवू.