फवारा मारायच्या आधी कोळी ओळखा तरी!

पावसाळा सरत आला की गावच्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. पिवळे-चंदेरी पट्टे असलेला कोळी, जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसलेला. खाली लिहिलेलं, "अतिविषारी आहे, दिसताच मारा." लगेच अंगठ्यांची रांग. एकानेही विचारलं नाही की बाबा, हा कोणाला चावला, कधी चावला?

मंडळी, याला इंग्रजीत सिग्नेचर स्पायडर म्हणतात. शास्त्रीय नाव अर्जिओपी. ओळखायला एकदम सोपा. ८ पाय दोन-दोन जोडून ताणतो, त्यामुळे लांबून फुली मारल्यासारखा दिसतो. जाळ्यावर पायांच्या रेषेत पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी नक्षी असते, सही केल्यासारखी, म्हणून ते नाव. कुंपण, तुळस, गोठ्याची कड, अशा ठिकाणी जाळं. आपल्याला दिसते ती मादी, अंग साधारण एक सेंटिमीटर. नर अगदी बारका, जाळ्याच्या कडेला असतो, बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. काडी लावून बघा, जाळं गदागदा हलवेल नाहीतर टपकन खाली पडेल. अंगावर धावून येणार नाही.

विष आहे का? आहे, माश्या-नाकतोड्यांपुरतं. हातात धरून दाबलात तर चावेल, गांधील-मधमाशीसारखं दुखेल. कोकणात, घाटमाथ्यावर पंजाएवढा काळा-पिवळा कोळी सोनेरी धाग्याच्या जाळ्यात दिसतो, तो वेगळा, पण तोही माणसाच्या वाटेला जात नाही.

आता ते "कोळी मुतला" प्रकरण. सकाळी उठलं की मानेवर लालभडक पट्टा, त्यावर फोड. दोष कोळ्याला! अहो, ते काम बहुतेक वेळा एका बारीक लांबट भुंगेऱ्याचं असतं. नारिंगी आणि काळा, मुंगीसारखा दिसणारा, पावसाळ्यात दिव्यावर येतो. अंगावर बसला की आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडीला भाजतो. तो चिरडू नका, फुंकर मारा आणि जागा साबणाने धुवा. खरा गुन्हेगार दिव्याखाली, आणि शिक्षा अंगणातल्या कोळ्याला!

आणखी एक घोळ आपल्या भाषेनेच केलाय. भेंडी-वांग्यावर येतो तो लाल कोळी. पानाच्या खाली, भिंगाशिवाय नीट दिसत नाही, रस शोषतो. पाय त्यालाही ८, पण हा जाळेवाला कोळी पानाला तोंडच लावत नाही. तरी आमच्याकडे एकाने दुकानात जाऊन "कोळी लय झालेत" म्हणून सांगितलं, दुकानदाराने कोळीनाशकाची बाटली दिली आणि याने ती गोठ्यात फवारली! जनावरं तिथंच दावणीला. पिकाचं औषध घरात, गोठ्यात मारायचं नसतं, हे लेबल वाचलं तरी कळतं. कोळी मरेल न मरेल, पण पोरंबाळं आणि दुभती जनावरं त्याच हवेत राहतात. याचा राग यायला पाहिजे, कोळ्याचा नाही.

शेतातही तेच. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारण्या लागोपाठ मारल्या की जाळेवाले कोळी आणि बाकीचे मित्रकीटक आधी जातात, आणि तो खरा लाल कोळी उलट वाढतो. मग त्याला वेगळं औषध. पैसा कोणाचा गेला?

कोळी काही देव नाही. जाळ्यात मधमाशी अडकली तर तीही खातो. दारातच जाळं आलं तर लांब काठीवर गुंडाळून कोळी बांधावर नेऊन सोडा, दोन मिनिटांचं काम आहे.

कृषी सहायक साहेबांना एवढंच म्हणणं. शेतीशाळेत लेडीबर्ड भुंगेऱ्याचं पोस्टर लागतं, याचंही लावा, आणि दोन्ही "कोळी" शेजारी-शेजारी दाखवा. पोस्टर नसेल तर आमच्या कुंपणावर आज चार जाळी आहेत. सकाळी दव असताना या, नक्षी स्वच्छ दिसते.