कोळसा संपला, आता जमीन कुणाची?

बंद खाणीत पाणी सोडून वीज साठवायची, ही कल्पना आता सरकारी कागदावर आली आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या एप्रिल २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत उदंचन प्रकल्पांसाठी संपलेल्या खाणी वापरा, असे म्हटले आहे. दिवसा सौरवीज जास्त झाली की पाणी वर चढवायचे, रात्री तेच खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. १०० युनिट खर्चून ७५-८० परत येतात. नवे गाव बुडत नाही, म्हणून आपलेही काही मित्र टाळ्या वाजवत आहेत.

मोलगीच्या बाजारात जाऊन हे सांगून पाहा. सरदार सरोवराने अक्कलकुवा-धडगावची ३३ गावे बाधित केली, सुरुवात मणिबेलीपासून. त्या धरणाचे १२०० मेगावॅटचे वीजघर जमिनीखालीच आहे आणि त्यातली यंत्रे उलटी फिरवून पाणी वर चढवता येईल अशीच बसवलेली आहेत. म्हणजे शहरी तज्ज्ञ ज्याला उद्याचे तंत्रज्ञान म्हणतात, त्याची किंमत इथल्या आदिवासींनी आधीच मोजली आहे. १९७९ च्या लवाद निवाड्याने त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला. विस्थापिताला जमिनीच्या बदल्यात जमीन लिहिली, आणि तीही भांडून घ्यावी लागली. विजेत त्याचा वाटा शून्य.

हेच आता चंद्रपूर-वणीकडे होईल. तिथली जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतली, कोळशासाठी. कोळसा संपल्यावर ती मूळ शेतकऱ्याकडे जायला नको का? केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये ठरवले की मालकी सरकारी कंपनीकडेच राहील आणि जमीन ऊर्जा प्रकल्पांना भाडेपट्ट्याने देता येईल. एकदा घेतलेली जमीन दुसऱ्यांदा कमाई करणार आणि ज्याची होती तो गेटवर कंत्राटी वॉचमन!

असे बोलले की विकासविरोधी ठरवतात. या देशाच्या वीज नियोजनाचा आणि दामोदर खोरे योजनेचा पाया १९४२ ते ४६ दरम्यान बाबासाहेबांच्या खात्यात घातला गेला. तेच बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि १९४४ मध्ये खाणकामगार कल्याण निधीचा वटहुकूम आला. वीज हवीच, पण तिच्यासाठी राबणाऱ्याचा हिशेब त्याच वेळी मांडायचा.

तंत्राचेही विचारा. १००० लिटर पाणी ३०० मीटर खाली सोडले तरी पुरते एक युनिट मिळत नाही. म्हणजे पोकळी अफाट हवी, आणि पोखरलेल्या जमिनीत रोज पाणी चढ-उतार करणार तर वरची घरे टिकतील याची हमी कोण देणार? खाणीतले दूषित पाणी कुणाच्या विहिरीत झिरपणार?

माझा खाणींना विरोध नाही. उलट त्या रिकाम्या असताना सह्याद्री-सातपुड्यातले नवे डोंगर फोडायला माझा विरोध आहे. पण मूळ खातेदार आणि भूमिहीन मजुरांना भाड्यात कायमचा वाटा आणि ग्रामसभेची लेखी संमती मिळाल्याशिवाय खाणीतही पाणी सोडू द्यायचे नाही.

विदर्भातल्या कार्यकर्त्यांनो, आपल्या गावाजवळच्या खाणीचा खाणबंदी आराखडा माहिती अधिकारात आजच मागवा. भाडेपट्टा झाल्यावर मागितलात तर मोलगीसारखे फक्त कागद हातात येतील.