तेलाची कुपी मोडीत जाऊ नये (थ्रेड)

पितळेची, बोटभर लांबीची गोल कुपी. झाकण फिरवून उघडले की त्याला आतून जोडलेली चमच्यासारखी बारीक काडी बाहेर येते. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या भंगारात अशी कुपी निघाली, तर पाहणाऱ्याला ती अत्तराची वा सुरम्याची वाटेल आणि पितळेच्या भावाने ती मोडीत जाईल. वस्तुतः ती .३०३ ली-एनफिल्ड रायफलच्या तेलाची कुपी असते.

या रायफलच्या दस्त्याला मागील बाजूस एक छोटे पितळी दार असे. आतील पोकळीत ही कुपी आणि पुलथ्रू, म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. बोल्ट काढून वजन नळीत सोडायचे, दोरीच्या फासात चार बाय दोन इंचांची फ्लॅनलेटची चिंधी अडकवायची आणि ती नळीच्या तोंडातून ओढून घ्यायची.

पण नुसते तेल पुरेसे नव्हते. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतील रसायन जळाले की नळीत एक क्षार उरे. तो हवेतील ओल शोषून पोलाद गंजवी आणि तेलात विरघळत नसे. म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतावे लागे. त्यासाठी पत्र्याचे नरसाळे असे. संग्राहक चकाकत्या कुपीमागे धावतात आणि या ओबडधोबड नरसाळ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. रायफल वाचवण्यात मात्र नरसाळ्याचा वाटा मोठा होता.

वऱ्हाडाचा या वस्तूंशी संबंध काय? २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. तेव्हाच्या चकमकीच्या बंदुका चार-दोन बारांतच काळ्या दारूच्या काजळीने तुंबत. कान मोकळा करण्यासाठी शिपाई बारीक तार आणि छोटा कुंचला जवळ बाळगत. गाविलगडाच्या तोफांपुढे छायाचित्रे निघतात. त्या तारेचा आणि कुंचल्याचा उल्लेखही होत नाही.

पुढचा दुवा अधिक थेट आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. अचलपूरजवळ परतवाड्यास तिची छावणी होती. म्हणजे १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन होईपर्यंत तिच्या बंदुकांचे तेल आणि चिंध्याही वऱ्हाडच्या कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातूनच येत होत्या. ज्याच्या पैशावर ही फौज पोसली गेली, त्या प्रांताने तिच्या खुणा किलोच्या भावाने विकाव्यात, हे खेदाचे आहे.

जे थोडे हौशी लोक अशा वस्तू जमवतात, त्यांचीही एक खोड आहे: चिंच आणि राख लावून पितळ लखलखीत करणे. त्यात निर्मात्याची आद्याक्षरे, सरकारी मालकीचा बाण, क्वचित असलेले साल, सारे झिजून जाते. कुपीचे मोल त्या ठशांत आहे, चकाकीत नाही. कोरड्या कापडाने पुसणे एवढीच तिची निगा पुरेशी.

कायद्याच्या दोन गोष्टी संग्राहकाला ठाऊक असाव्यात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही मोडतात. तेव्हा बोल्ट वा नळी भंगारात दिसली म्हणून घरी आणणे हा छंद नव्हे. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू ठरू शकते व खाजगी व्यक्तीला ती परदेशी धाडता येत नाही. पहिल्या महायुद्धातील कुप्यांनी हे वय कधीच ओलांडले आहे.

राहिला नोंदीचा प्रश्न. कुपी कोणत्या गावी, कोणाच्या घरी निघाली, त्या घरातील कोण सैन्यात वा पोलिसांत होते, हे चिठ्ठीवर लिहून कुपीसोबत ठेवायला पाच मिनिटे लागतात. बहुतेक संग्रहांत ती चिठ्ठीच नसते.