सुकतीची यादी कोण छापणार?

पौर्णिमेचा रविवार गाठून अलिबागला जाणाऱ्यांची फसगत ठरलेली असते. सकाळी निवांत निघालेली मंडळी वाटेत मिसळ खाऊन बारा-साडेबाराला किनाऱ्यावर उतरतात, तेव्हा कुलाबा किल्ला चहूबाजूंनी पाण्यात असतो. ‘चालत जाता येते’ असे कुणीतरी सांगितलेले असते. चालणार कुठून? मग किल्ला पाठीशी घेऊन फोटो काढायचे, शहाळे प्यायचे आणि परतीची वाट धरायची. त्याच दिवशी सकाळी सहाच्या सुमारास तिथे नुसती ओली वाळू होती, हे त्यांच्या गावीही नसते.

यात समुद्राचा दोष नाही. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपासच असते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब अगदी सोपा आहे. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ही भरतीची वेळ, दिवसा एकदा आणि रात्री पुन्हा एकदा. तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती, म्हणजे शहरी बोलीतली ओहोटी. भरती रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते आणि पाऊणपटीत 45 धरली जातात, एवढाच काय तो फरक. रत्नागिरी-मालवणकडे वेळ थोडी बदलते. संस्कृतात ‘वेला’ या एकाच शब्दाचे अर्थ समुद्राचा काठ, भरती आणि काळ असे आहेत. आपण त्यातली ‘वेळ’ तेवढी घेतली आणि ती घड्याळात बंद केली.

नुसती वेळ कळून भागत नाही. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी खूप चढते आणि तेवढेच खूप उतरते. सप्तमी-अष्टमीला भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. अष्टमीला सुकती भर दुपारी बाराला येते, म्हणजे सहलीला सोयीची वाटते; पण भांगाच्या सुकतीला किल्ल्याची वाट पुरती उघडेलच असे नाही. सोयीच्या वेळी जे दिसते ते अर्धेच असते, हा या किनाऱ्याचा खट्याळपणा.

आणि पूर्ण उघडलेली ती वाट चालण्यासारखीच आहे. कुलाब्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, 1680 मध्ये सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा तो तळ. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि जोर गमावून बाहेर येते. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गोड्या पाण्याची विहीर. दिवसातून दोनदा बेट होणारा आणि दोनदा जमिनीला टेकणारा किल्ला ही काय चीज आहे, ते होडीतून उतरणाऱ्याला कळत नाही. पायाखाली वाळूच्या वळ्या लागल्या आणि मागे वळून पाहिल्यावर पाणी परतताना दिसले, की वेढा घालणाऱ्याच्या पोटात काय होत असेल याचा अंदाज येतो.

हरिहरेश्वरची तऱ्हाही अशीच. देवळामागची प्रदक्षिणेची वाट पायऱ्यांनी कातळात उतरते आणि समुद्राला लागून डोंगराला वळसा घालते. खारे पाणी आणि वारा यांनी खडकाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत. ही प्रदक्षिणा सुकतीलाच करायची. तरीही भरतीच्या वेळी कडेला उभे राहणारे आणि लाटेबरोबर ओढले जाणारे निघतातच. गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ मात्र उलट्या स्वभावाची. तिथे भरतीलाच जायचे. काळ्या खडकातल्या अरुंद चिरेत घुसलेले पाणी शेवटाला पोचले, की धडाक्याने उभे उसळते. सुकतीला गेलेला माणूस ती कोरडी चीर बघून ‘एवढेच?’ म्हणतो.

मुंबईकरांची गोष्ट आणखी मजेची. त्यांना भरती तोंडपाठ असते. पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरत्यांचे दिवस जाहीर होतात, ते वर्तमानपत्रांत येतात आणि त्या दिवशी मरीन ड्राइव्हचा कठडा माणसांनी फुलतो. या यादीला कारणही तसेच आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हाच दुपारी सुमारे साडेचार मीटरची भरती होती आणि पाण्याला समुद्रात जायला वाट नव्हती. पण मोठ्या भरतीच्या अलीकडे-पलीकडे तेवढीच मोठी सुकती असते, तिची यादी कोणी कौतुकाने छापत नाही. खरे नाटक तिथे असते. हाजी अली, जुहू, गिरगाव इथले किनारे उघडे पडले, की खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुले, खेकडे, समुद्री गोगलगायी, नशीब असेल तर लहानसा ऑक्टोपस. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने ही दुनिया शहराला दाखवायला घेतली. कोस्टल रोडच्या कामासाठी 2020 मध्ये प्रवाळांच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा कुठे अनेकांना कळले की मुंबईच्या त्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत आणि वन्यजीव कायद्यात त्यांना वाघाइतके संरक्षण आहे.

कोळीवाड्यांना हे कुणी शिकवावे लागले नाही. सुकतीला खडकावर कोयता घेऊन कालवे फोडणाऱ्या बायका, चिखलात तिसऱ्या वेचणारी पोरे, हे सगळे तिथीवर चालते. डोलीचे जाळे तर भरती-सुकतीच्या ओढीवरच काम करते. त्याचे तोंड प्रवाहाकडे, आणि बोंबील-करंदी वाहत येऊन आत शिरते. उधाणाला ओढ जास्त, म्हणून धंदा उधाणाचा. भांगाला जाळी दुरुस्तीची.

हा खेळ उत्तरेकडे वाढत जातो. गोव्यात भरती-सुकतीतले अंतर दोनेक मीटरचे. मुंबईला ते उधाणात पाच मीटरच्या जवळ जाते. खंभातच्या आखातात समुद्र नरसाळ्यासारखा निमुळता होतो, त्यामुळे भावनगरला हेच अंतर दहा मीटरच्या वर जाते. अलंगला मोडीत निघालेली जहाजे याच उधाणावर किनाऱ्यावर चढवतात. भावनगरजवळच्या कोळियाकला निष्कलंक महादेव समुद्रातच आहे. पाणी हटले की भाविक चिखल तुडवत जातात, पूजा करतात आणि पाणी यायच्या आत परततात. तिथली मोठी जत्रा श्रावणी अमावास्येची, म्हणजे ऐन उधाणाची. देवाला जायचे तर समुद्राला विचारून, ही शिस्त तिथे कुणाला जाचत नाही.

कोकणात पर्यटनाच्या नावाखाली मात्र नेमके उलटे चालले आहे. रस्ते झाले, मोटारी वाहून नेणारी रोपॅक्स बोट झाली, वाळूत पॅराग्लायडर आले. वेळापत्रक शनिवार-रविवारचे. सुकतीला घट्ट झालेल्या पुळणीवर लोक मोटारी घालतात. चाक रुतते, पाणी चढते आणि ट्रॅक्टर शोधायची धावपळ सुरू होते. किल्ल्यात रेंगाळलेल्यांना पाण्याने वाट बंद केल्यावर होडी बोलवावी लागते. अशा वेळी ‘पर्यटकांनी काळजी घ्यावी’ एवढे म्हणून भागत नाही. काळजी घ्यायची म्हणजे काय करायचे, ते किनाऱ्यावर कुठेतरी लिहिलेले हवे. किल्ल्यांच्या फलकांवर बांधणीची साले असतात, पण आज वाट किती वाजता उघडते आणि किती वाजता मिटते हे नसते.

यासाठी मोठा निधी लागत नाही. सर्वे ऑफ इंडिया भरती-ओहोटीची कोष्टके छापते, आणि मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून समुद्राची पातळी मोजली जाते आहे. ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने किनाऱ्याच्या तोंडाशी एक काळा फळा लावावा आणि रोज सकाळी खडूने चार वेळा लिहाव्यात: दोन भरतीच्या, दोन सुकतीच्या. हॉटेलवाल्यांनी न्याहारीच्या वेळेशेजारी याही वेळा टांगाव्यात. शाळांनी सहलीची तारीख सुट्टी बघून नव्हे, पंचांग बघून ठरवावी.

तोवर ज्यांना अलिबागला जायचेच आहे, त्यांनी पौर्णिमेनंतरची द्वितीया धरावी. भरती दीडला, म्हणजे सुकती सकाळी साडेसातला. मुक्काम आदल्या रात्रीच करावा, आणि नऊ वाजायच्या आत किल्ल्यातून निघावे.